पाठवण्याआधी ऐक

पुणे, रविवार

चि. भाचीस,


ताईशी काल बोलणं झालं. स्पॅनिश वर्गाच्या अभ्यासातल्या एका मिनिटाच्या रेकॉर्डिंगसाठी तू अख्खी संध्याकाळ दार लावून बसतेस, तेच तेच बोलतेस, पुसतेस, पुन्हा बोलतेस आणि मुदत संपत आली की हाताला लागेल ते पाठवून मोकळी होतेस, असं म्हणाली. ‘पोरगी खोलीत स्वतःशीच भांडालीय’ हे तिचे शब्द. मी आयुष्यभर परकी भाषा शिकवली, म्हणून तुला लिहायला बसले. फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणून विषय संपवतेस. कागद तसा संपवता येत नाही.

आधी हे लक्षात घे, की तुझ्या शिक्षिका छळायला म्हणून हा अभ्यास देत नाहीत. शिरोली एमआयडीसीतल्या तुझ्या ऑफिसात मेक्सिकोचं गिऱ्हाईक येईल ते बहुधा फोनवर किंवा पडद्यावर. एरवी कोल्हापुरात दिवसभर फिरलीस तरी स्पॅनिश बोलणारं माणूस भेटणार नाही. जगात सुमारे ५० कोटी लोकांची ही मातृभाषा, पण राजारामपुरीच्या कोपऱ्यावर तिचा उपयोग शून्य. मग तोंड चालायचं कुठे? त्या एका मिनिटातच.

तुझी गडबड कुठे होते ते सांगते. तू बोलतेस आणि पुसतेस, पण मधे ऐकत नाहीस. ऐकतेस ती पहिली दोन वाक्यं, आणि ‘ई, हा माझा आवाज?’ म्हणून बटण दाबतेस. हे सगळ्यांचंच होतं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो आणि त्यामुळे भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतला भाग उतरतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. बाकीचं जग तुझा तोच आवाज रोज ऐकतं आणि कुणाची तक्रार नाही. तेव्हा आवाज आवडतो की नाही हा प्रश्न सोडून दे. उच्चार काय झाला एवढंच ऐक. हा अभ्यास रेकॉर्ड आणि सबमिट या दोन बटणांच्या मधल्या वेळात होतो, आणि नेमका तोच वेळ तू वाया घालवतेस.

तुमच्याच गावातलं उदाहरण घे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गवई अल्लादिया खाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या शिष्यांना त्याची गरजही नव्हती. गुरू समोर बसलेला, सूर घसरला की तिथल्या तिथे कळणार. त्यांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर निघाली. त्याच तबकडीवर ५५ भाषांतली अभिवादनं आहेत. त्यांत मराठी आहे आणि स्पॅनिशही. बोलणाऱ्यांना एवढंच सांगितलं होतं, की परग्रहावर कुणी असलंच तर त्याला नमस्कार करा, आणि थोडक्यात करा. स्पॅनिश बोलणाऱ्यानं मोजक्या शब्दांत काम भागवलं. तुझ्यासमोर गुरू बसलेला नाही, तो शेकडो कोसांवर आहे आणि उद्या ऐकणार आहे. म्हणून आज गुरूचं काम तुझ्याच कानाला करावं लागेल. आणि त्या कानाला लांबलचक भाषण नको, आटोपशीर मिनिट हवं.

आता पद्धत सांगते. तीन वेळा बोलायचं, चौथ्यांदा नाही.

पहिल्या वेळी पूर्ण वाक्यं लिहून घेऊ नकोस. चिठ्ठीवर पाच-सहा शब्द टिप आणि त्यांच्या आधारानं बोल. लिहिलेलं वाचायला लागलीस की डोळे पुढे पळतात, स्वर सपाट होतो, आणि शिक्षिकेला ते पहिल्या वाक्यातच कळतं. स्पॅनिशवर देवनागरी लिहून घ्यायची सवय तर आजच सोड. पहिल्या आठवड्यात ती आधार देते आणि नंतर पायात येते. मिनिटाला शंभरेक शब्द पुरे. अडखळलीस तर थांब, श्वास घे, पुढे जा. ते तसंच राहू दे.

मग वही-पेन्सिल घेऊन ते पूर्ण ऐक. सगळ्या चुका एकदम धरायला गेलीस तर एकही हाती लागणार नाही. एका वेळी एकच गोष्ट धर. या क्रमानं धरलीस तर बरं.

आधी त आणि द. हे दोन्ही ध्वनी तुझ्या तोंडात जन्मापासून तयार आहेत, दातांना जीभ लावून बोलायचे. पण कागदावर रोमन टी दिसला की शाळेतलं इंग्रजी जागं होतं आणि तू ‘ट’ म्हणतेस. डॉक्टर नव्हे, दोक्तोर. हॉस्पिटल नव्हे, ओस्पिताल, तेही आरंभीचा ह पूर्ण गिळून. चोकोलाते, आनिमाल. प, त, क यांच्यामागे हवेचा झोत सोडायची सवय इंग्रजांना असते आणि स्पॅनिश शिकताना त्यांना ती मोडावी लागते. तुला ती नाहीच. एवढा फायदा हातात असून तो इंग्रजी स्पेलिंगपायी घालवायचा?

दुसरे स्वर. स्पॅनिशमध्ये पाचच आहेत: आ, ए, इ, ओ, उ. आपला ‘अ’ त्यांत नाही. घाईत बोललीस की तो हळूच शब्दाच्या मध्यात घुसतो आणि आनिमालचं ‘आनिमल’ होतं. एकेक स्वर पूर्ण तोंड उघडून म्हण, कोल्हापुरी माणसाला तोंड उघडायला कोण शिकवणार!

तिसरा र. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. ‘कारो’ म्हणजे महाग, आणि मेक्सिकोत ‘कार्रो’ म्हणजे गाडी. एकदा जीभ टेकवायची की थरथरवायची, एवढाच फरक. सरावाला भुर्रकन, सर्रास, टर्र हे शब्द घे. त्यांत जीभ आपोआप थरथरते. तीच थरथर पेर्रोमध्ये आण, आणि पेरोमध्ये आणू नकोस. उत्साहात सगळीकडेच र्र करशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

चौथा आघात. मराठीत शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जातच नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’तल्या आ वर जोर दिला तर ‘मी बोलते’, आणि ब्लो वर दिला तर ‘तो बोलला’. वाक्य तुझं, क्रिया दुसऱ्याची! ऐकताना प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीनं जोराची खूण कर. या एका सवयीनं तुझं बोलणं महिन्याभरात बदलेल.

व, ख, आणि दोन स्वरांमधला मऊ द यांची घाई नको. रोमन व्ही दिसला तरी उच्चार ब च्या घरचा, आणि ‘रोखो’तला ख आपल्या खटाऱ्यातला नाही, घशात घासून येणारा, एवढं ध्यानात ठेवलंस तरी सध्या चालेल. प्रश्नाचा चढ मात्र सोडू नकोस. स्पॅनिशमध्ये ‘तू स्पॅनिश बोलतोस’ आणि ‘तू स्पॅनिश बोलतोस का?’ यांतले शब्द तेच राहू शकतात, फक्त सूर वर जातो. कागदावर वाक्याच्या सुरुवातीलाच उलटं प्रश्नचिन्ह असतं, ध्वनिमुद्रणात ते कुठून दिसणार? सूर चढला नाही तर शिक्षिकेच्या कानी विधान पडतं.

यातली सर्वांत मोठी एकच चूक निवड आणि दुसऱ्यांदा बोल. पुन्हा ऐक, आणखी एक निवड, तिसऱ्यांदा बोल. ते पाठव. ते निर्दोष नसणारच. पाठ केलेलं निर्दोष मिनिट ऐकून शिक्षिकेला तुला काय येत नाही हेच कळणार नाही, मग त्या शिकवणार काय?

काय बोलायचं हेही तुझ्या हातात असतं. ‘माझं शहर’ असा विषय आला की मुलं पुस्तकातलं माद्रिदचं घर उचलतात आणि न पाहिलेल्या गच्चीचं वर्णन करता करता अडखळतात. तू रंकाळ्यावर जा, तांबड्या रश्श्यावर ये. ‘लोस दोमिंगोस कोमेमोस ऊना सोपा रोखा, मुइ पिकान्ते’, म्हणजे रविवारी आम्ही लाल रस्सा खातो, फार तिखट. शब्द पहिल्या पुस्तकातलेच, पण तुला माहीत असलेलं बोलताना जीभ अडत नाही. आणि ऐकणारीलाही पुढे काय म्हणशील याची उत्सुकता राहते.

आता यंत्राकडे बघ. पंखा बंद कर. कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ देत. रस्त्याकडची खिडकी लाव. तुमच्या खोलीत आवाज घुमत असेल तर समोरच्या भिंतीशी खुर्चीवर वाकळ टाकून बस, घुमणं कमी होईल. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण अगदी समोर नको, जरा बाजूला. समोर धरला की प आणि ब म्हणताना हवेचा धक्का माइकवर बसतो आणि ‘भप्’ असा आवाज येतो. फोन फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर ऐन वेळी कुणाचा तरी फोन येऊन सगळं तोडेल. आधी पाच सेकंद बोलून ऐकून बघ, मग पूर्ण मिनिट कर.

सुरुवातीला आपलं नाव आणि अभ्यासाचा क्रमांक स्पॅनिशमध्ये सांग. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं ग्रामोफोनसाठी गाणी गायली तेव्हा शेवटी ती आपलं नाव मोठ्यानं सांगायची. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना कुठली कुणाची ते कळायला हवं. तुझ्या शिक्षिकेसमोरही एकाच दिवशी वर्गभराच्या फायली येऊन पडतात. फायलीचं नाव आडनाव आणि धड्याचा क्रमांक असं साधं ठेव. ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ नको, आणि नावात स्पॅनिशची खूण असलेली अक्षरंही नकोत, काही संगणकांवर ती मोडतात.

मागितली असेल तर एमपीथ्रीच दे. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज फार दाबून लहान केलेला असतो, स सारख्या ध्वनींची धार त्यात कमी होते, आणि काही ठिकाणी ती फाईल स्वीकारलीच जात नाही. ड्राइव्हची लिंक देणार असशील तर परवानगी खुली आहे का ते दुसऱ्या खात्यातून उघडून बघ. चढवल्यावर स्वतः एकदा तिथूनच वाजवून ऐक. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मुदतीचं घड्याळही नीट बघ. वर्ग स्पेनहून चालत असेल आणि रात्री ११.५९ची वेळ दिली असेल, तर उन्हाळ्यात ती आपल्या पहाटेच्या ३.२९ला संपते आणि हिवाळ्यात ४.२९ला, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं सरकवतात. मेक्सिको सिटीची तीच वेळ आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ११.२९ असते. हे सांगितलं म्हणून पहाटेपर्यंत जागायचं नाही हं. रात्री दमलेली जीभ थरथरत नाही. अभ्यास मिळाला त्याच दिवशी पहिलं मिनिट बोलून ठेव, दुसरं दुसऱ्या दिवशी.

मुलं आता मजकूर लिहून संगणकाच्या आवाजात वाचून घेतात, किंवा चांगले तुकडे कापून जोडतात, असं ऐकते. शिक्षिकेला ते कळतं. श्वासाच्या जागा चुकतात. पण पकडलं जाण्यापेक्षा तोटा मोठा आहे. सिएले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या तोंडी भागात समोर परीक्षक नसतो. तू संगणकासमोर बोलतेस आणि तपासणारा ते नंतर ऐकतो. तिथे कापून जोडायची सोय नाही. मेक्सिकोच्या फोनवर तर मुळीच नाही.

आणि शेवटचं. शिक्षिकेचा शेरा आला की तू गुण बघतेस आणि पुढच्या धड्याकडे वळतेस. तालमीत वस्तादानं पकड चुकली म्हणून सांगितलं तर पोरगं तिथेच तो डाव पुन्हा मारून बघतं, ‘बघतो उद्या’ म्हणत नाही. तू शेरा वाच, जुनं मिनिट एकदा ऐक, आणि तेच मिनिट शेऱ्याप्रमाणे पुन्हा बोलून ठेव. ते कुणाला पाठवायचं नाही, त्याला गुणही नाहीत. वर्गात जी मुलं पुढे जातात ती हे बिनगुणांचं मिनिट बोलतात, इतक्या वर्षांत मी दुसरं रहस्य पाहिलेलं नाही.

ताईला नमस्कार सांग, भाऊजींनाही. पुढचा अभ्यास मला पाठवायचा नाही. आधी स्वतः ऐकायचा आणि वेळेत शिक्षिकेकडे पाठवायचा.

तुझी,
मावशी