विद्यापीठाचे मोठेपण कशात?

मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकड्यांवर आज सिंबायोसिस व फ्लेम ही विद्यापीठे उभी आहेत. प्रवेशाचे दिवस आले की आम्ही पालक मानांकन, शुल्क आणि पुढे मिळणारी नोकरी यांची चौकशी करतो. त्यात गैर काही नाही. परंतु विद्यापीठाचे मोठेपण एवढ्यावरच मोजावे काय?

हा विचार करताना स्पेनमधील सालामांका विद्यापीठ आठवते. लेओनचा राजा नववा अल्फोन्सो याने ते १२१८ साली स्थापिले आणि १२५५ साली पोप चौथे अलेक्झांडर यांनी त्यास मान्यता दिली. १५५१ साली लीमा व मेक्सिको येथे जी विद्यापीठे निघाली, त्यांनी याचाच आदर्श समोर ठेवला.

तथापि, त्याची खरी कसोटी लागली ती १५३९ साली. अमेरिकेतील सोन्याने स्पेनचा खजिना भरत होता. अशा वेळी दोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी, ती जिंकलेली भूमी मुळात कोणाची, हा प्रश्न व्याख्यानांतून मांडला. बाप्तिस्मा घेतलेला नाही म्हणून कोणाचा भूमीवरील हक्क बुडत नाही. सम्राट अखिल जगाचा स्वामी नव्हे आणि पोपही नव्हेत, असे त्यांनी प्रतिपादिले. सम्राट पाचवा चार्ल्स याने त्याच वर्षी त्यांच्या मठाच्या प्रमुखांस पत्र धाडून ही चर्चा थांबविण्यास फर्माविले. व्हितोरियांनी विजेत्यांसाठी काही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या आणि पुढे अत्याचारही थांबले नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतिहास त्या व्याख्यानांना वगळून सांगता येत नाही.

भूमीचा हाच प्रश्न मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली विचारला. वीजनिर्मितीच्या धरणात त्यांची भातखाचरे बुडणार होती. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला. लढा हरला, धरण झाले, मुंबईस वीज मिळाली. त्यांचा प्रश्न मांडणारे व्यासपीठ मात्र त्यांच्या खोऱ्यात नव्हते. आज त्याच तालुक्यात विद्यापीठे आहेत.

सालामांकाने २०१८ साली आठशे वर्षे पूर्ण केली. जागतिक मानांकनांत ते अग्रभागी नाही; तरी त्याचे नाव आदराने घेतले जाते, कारण ज्यांना त्याच्या दारात प्रवेश नव्हता त्यांच्या हक्काचा विचार तेथे झाला.

म्हणून प्रवेशअर्ज भरताना आणखी एक चौकशी करावी. ज्यांच्या त्यागावर आपला दिवा पेटला, त्यांची बाजू आपल्या मुलांना येथे ऐकावयास मिळेल काय? आणि तसा प्रश्न घेऊन एखादे मूल उद्या घरी आले, तर आम्ही त्यास गप्प बसवू की जेवणाच्या पाटावर शेजारी बसवून ऐकून घेऊ?