शत्रूच्या दारी गेलेला बाप



प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक झ्यूस, अपोलो अशा देवांना मानणारे. त्यांची पुस्तके आपण ख्रिस्ती माणसांनी कशाला वाचावीत, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. पण त्या साहित्यातले थोडेफार आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट इसापची. इसाप ग्रीकांचा, आणि परंपरा सांगते की तो गुलाम होता. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली त्याच्या गोष्टी मराठीत आणल्या. आज सेनगाव-कळमनुरीची पोरेही त्या सांगतात.

संत पौलाने अथेन्सला अरीयपगावर भाषण केले, तेव्हा ग्रीक कवींच्याच शब्दांचा आधार घेतला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७). संत ऑगस्टीन वयाच्या एकोणिसाव्या वर्षात असताना सिसेरो या रोमन लेखकाचा ग्रंथ वाचून सत्याच्या शोधाला लागला. चौथ्या शतकातील संत बेसिल यांनी तर तरुणांना सांगितले, की ही पुस्तके मधमाशीप्रमाणे वाचा, फुलातले हवे तेवढे घ्या.

त्यातला मध कसा असतो, ते कळावे म्हणून होमरच्या 'इलियड'मधला एकच प्रसंग सांगतो. हे काव्य सुमारे २७०० वर्षांपूर्वीचे.

ट्रॉय नगरीचा राजपुत्र हेक्टर याने ग्रीक वीर अकिलीसच्या जिवलग मित्राला लढाईत मारले. सूडाने पेटलेल्या अकिलीसने हेक्टरला ठार केले. तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. तो मढे रथाला बांधून रोज फरफटत नेई. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रियाम, खंडणी घेऊन रात्री शत्रूच्या छावणीत गेला. ज्या हातांनी मुलाला मारले, त्याच हातांचे त्याने चुंबन घेतले आणि म्हणाला, तुझा बापही माझ्यासारखाच म्हातारा आहे, त्याची आठवण कर. मग दोघेही रडले, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. अकिलीसने प्रेत धुऊन दिले, म्हाताऱ्याला जेवू घातले, आणि अंत्यविधीसाठी किती दिवस लढाई थांबवू, असेही विचारले.

आपल्या महाभारतात युद्ध संपल्यावर आंधळा धृतराष्ट्र भीमाला कवटाळायला बघतो. कृष्ण लोखंडाचा पुतळा पुढे करतो आणि धृतराष्ट्र त्याचा चुरा करतो. तोही बापच, आणि त्याचाही राग खरा.

होमर स्वतः ग्रीक होता, तरी त्याने ट्रॉयच्या बापाचे दुःख एवढ्या मायेने लिहिले, हे मला फार मोठे वाटते. शत्रूच्या घरातही कुणीतरी रडत असते, हे त्याला प्रभू येशूच्या कित्येक शतके आधी दिसले होते. मात्र क्षमा कायमची करावी, हे त्याला ठाऊक नव्हते. अकरा दिवस युद्ध थांबले आणि बाराव्या दिवशी पुन्हा लढायचे ठरले.

आपल्याकडे बांधाच्या एका तासावरून सख्ख्या भावांत कोर्टकचेऱ्या होतात. हळदीचे दोन पीक येऊन जाते, तारखा चालूच असतात. बारशाला बोलावणे नाही, मयतीलाही खांदा नाही. अशी दोन घरे एकाच मिस्सेला येतात. शांतीचे चिन्ह देताना एक उजवीकडे वळते, दुसरे डावीकडे. वेदीपाशी दान आणले असता भावाचे काही मनात आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी जा, ही येशूची आज्ञा दोघांनाही पाठ असते.

प्रियामच्या घरच्यांनीही त्याला अडवले होते. राणी म्हणाली, तुझे डोके फिरले आहे का? तो तरी निघाला, कारण मुलाचे प्रेत तिकडे पडले होते. आपल्यापैकी कुणाचे काय तिकडे पडले आहे, ते ज्याचे त्याला ठाऊक. मंगळवारच्या बाजारात समोरासमोर आलात तर सुरुवात "दादा, तब्येत कशी आहे?" एवढ्यानेही होईल.