पळसाचा दृष्टांत

कीर्तनकाराची शिदोरी म्हणजे दृष्टांत. सिद्धांत कितीही थोर असो, दृष्टांतावाचून तो श्रोत्याच्या गळी उतरत नाही. संतांनी ही शिदोरी पुष्कळदा रानातच बांधली. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतास गेले, तेथल्या झाडावेलींशी त्यांनी नाते जोडले आणि ते अभंगांत उतरले. आम्ही पाठशाळेत शिकलेली माणसे मात्र रान पोथीतच पाहतो. माझीच गोष्ट सांगतो.

वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूर गावी फाल्गुनात कीर्तन होते. निरूपणाच्या भरात मी म्हणालो, विद्येवाचून रूप म्हणजे गंधहीन किंशुक! हा संस्कृत सुभाषितांतला जुना दाखला. पुढे कालिदासही काढला. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात त्याने याच्या तांबड्याभडक, वाकड्या कळ्यांना बालचंद्राची उपमा दिली आहे. आणि किंशुक हे नावच मुळी 'हा पोपट तर नव्हे?' अशा कौतुकाचे. फूल राघूच्या चोचीसारखे ना! मंडळी माना डोलवीत होती. मला वाटले, रंग भरला.

कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारी बाई पाया पडून म्हणाल्या, "महाराज, किंशुक म्हंजे कोनतं झाड जी?"

"पळस, माय."

"मंग पयस म्हना ना! त्याले वास नाई म्हून नावं ठेवता, पन आज पंगत कायच्यावर जेवली? त्याच्याच पानावर."

मी निरुत्तर. बाई सांगतच गेल्या. बाळंतिणीच्या लाडवात त्याचा डिंक, भिंतीला चुना द्यायला त्याच्या मुळीची कुंची, होळीला फुलांचा केशरी रंग, खांदशेकणीला बैलाच्या खांद्यावर त्याचे पान, पोळ्याला दाराशी त्याचे मेढे. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड देतात, एवढे मला ठाऊक होते. शास्त्र ठाऊक, झाड नाही!

दुसऱ्या दिवशी पहाटे धुऱ्यावर गेलो. झाडावर औषधाला पान नाही, डहाळी न् डहाळी पेटल्यासारखी. मैना, कोतवाल फुलांत चोच घालून मध पीत होते. आलेला पाहुणा कोणी उपाशी परतत नव्हता. आधी सगळी पाने झाडून द्यायची आणि मग फुलायचे! त्यागावर मी 40 वर्षे बोललो, पण असा दाखला कधी सुचला नव्हता. त्या रात्री अभंगाचे चरण सोडवताना पळसच लावून धरला. गंधहीन किंशुक तेव्हापासून माझ्या तोंडून गेला तो गेलाच. सुभाषितकाराने, क्षमा असावी, झाड लांबूनच पाहिले असावे.

आता त्याच शिवारात धुऱ्यावर तणनाशक फिरते. जमिनीचा वीतभर तुकडा वाढावा म्हणून पळस तोडतात. पंगतीत कागदाच्या पत्रावळी आल्या. गेल्या खेपेस हाच दृष्टांत रंगात आला असता पुढे बसलेल्या एका मुलाने विचारले, "पळस कसा असते, महाराज?" त्याचा काय अपराध? मी मात्र तेथेच अडखळलो. म्हातारीला माझा किंशुक कळला नव्हता, या पोराला तिचा पळसही कळेना.

यंदा गावकऱ्यांस निरोप धाडला आहे. काल्याच्या आदल्या दिवशी सकाळी पोरांना घेऊन धुऱ्यावर यावे. उरलेले पळस मी दाखवीन. हिवर कोणता, रुई कोणती, हे मात्र तेथल्या बायांनी सांगावे. मीही पोरांतच बसेन.