पाचवे कारण

मरोळ नाक्यावरून महालक्ष्मीच्या रेसकोर्सकडे ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोने थेट जाता येते. मरोळचे आणि घोड्यांचे नाते तसे पुसटच. २०२० मध्ये मुंबई पोलिसांचे अश्वदल पुन्हा उभे करायचे ठरले तेव्हा तबेल्यासाठी मरोळची जागा पुढे आली होती, एवढेच. पण रेसच्या दिवशी रेसचे पुस्तक चाळत महालक्ष्मीला निघालेला मरोळकर स्वतःला जुगारी मानत नाही. मी अभ्यास करतो, असे तो म्हणतो, आणि ते खोटेही नसते. या उत्तराआड मात्र एक फार जुना प्रश्न उभा आहे: ज्ञानाने द्यूताचा दोष जातो का? माझे मत असे की रेसच्या अभ्यासकाचे ज्ञान खरे असते, बऱ्याचदा कौतुकास्पदही असते. पण ते जितके खरे, तितके ते त्याला पैसे लावण्याच्या खिडकीपासून दूर नेणारे असते. अभ्यास आणि डाव यांची गाठ आपण मारलेली आहे. ती सोडवली तर दोन्हींकडे नीट पाहता येते.

आधी अभ्यासाकडे पाहू. घोड्याचे आईबाप, मागच्या पाचसहा शर्यतींतले क्रमांक, कोणत्या अंतरावर तो दमतो, सकाळच्या कसरतीत किती सेकंद लावले, जॉकी कोण, ट्रेनर कोण, सुरुवातीला कोणत्या क्रमांकाचा कप्पा मिळाला, मैदान कडक आहे की पावसाने भिजलेले. हे सगळे जमेस धरावे लागते. पुण्यातला पावसाळी हंगाम आणि मुंबईतला हिवाळी हंगाम यांत एकाच घोड्याचे दोन स्वभाव दिसू शकतात. शेवटी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, घोडा चालताना पाहायचा: घाम कुठे आला आहे, कान कसे आहेत, कातडीला तकाकी आहे का. ही नजर आपल्याकडे नवी नाही. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोडा घेणारा आजही दात, टापा आणि अंगावरचे भोवरे पाहिल्याशिवाय पैशाला हात लावत नाही. महाभारतातल्या नलोपाख्यानात तर घोडे पारखण्याचा एक पुरा प्रसंग आहे. बाहुकाच्या वेषातला नळ ऋतुपर्ण राजासाठी दिसायला रोडके घोडे निवडतो. हे असले घोडे आपल्याला काय नेणार, असे राजा विचारतो. नळ त्यांच्या अंगावरचे भोवरे सांगतो आणि रथ वाऱ्यासारखा सुटतो. डोळ्यांना दिसणारे दुबळेपण आणि आतली ताकद यांतला फरक ज्याला कळतो तो जाणकार. रेसकोर्सवर आजही जाणकारीची कसोटी हीच आहे.

मग हरतो कुठे? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. शर्यतीला ही यादी सहज लागू पडते. मैदान हे अधिष्ठान, घोडा कर्ता (की जॉकी? रेसवाल्यांचा हा वाद काही मिटणारा नाही), लगाम-खोगीर ही करणे, कुठे रोखायचे आणि कुठे सोडायचे ही चेष्टा. या चारांचा अभ्यास होतो. पाचव्याचा होत नाही. यावर कोणी म्हणेल की शांकरभाष्यात या ठिकाणी दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, नशीब नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण टिळकांनी ‘गीतारहस्या’त याच शब्दात आपल्या हाती नसलेले सृष्टीचे व्यापार पाहिले, आणि दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान राहते: कर्त्याने सर्व केल्यावरही फळ पूर्णपणे त्याच्या मुठीत येत नाही. योगवासिष्ठ याहून पुढे जाऊन दैव असे वेगळे काही नाहीच, पूर्वी केलेला प्रयत्नच तो, असे म्हणते. तेही मानले, तरी समोरच्या घोड्याने ऐन वळणावर अडवलेली वाट ही पैसे लावणाऱ्याच्या कोणत्या पूर्वप्रयत्नाची, याचे उत्तर मिळत नाही.

दैव सगळीकडेच असते. शेतात असते, परीक्षेत असते. रेसमध्ये मात्र एक विलक्षण गोष्ट घडते: तिथे माणसे मुद्दाम, पगार घेऊन, दैवाचा वाटा वाढवत असतात. हँडिकॅपरचे काम दुसरे काय आहे? जो घोडा सरस ठरला त्याच्या पाठीवर अधिक वजन चढवायचे, जो मागे राहिला त्याला हलके ठेवायचे. जॉकीचे वजन कमी भरले तर खोगिराशी शिसे घालून ते पुरे करायचे. हँडिकॅपर आपल्या कामात निष्णात असेल तर सगळे घोडे एकदम पोचावेत, हे त्याचे ध्येय. म्हणजे अभ्यासकाला जे चार कारणांत सापडले, तेच हँडिकॅपरलाही सापडलेले असते आणि त्याने ते वजनाने पुसून टाकलेले असते. १९४३ पासून होणाऱ्या इंडियन डर्बीसारख्या शर्यतींत असे नसते. तिथे गुणवत्ता उघडी दिसते. पण तिथे दुसरा हँडिकॅपर उभा असतो, तो म्हणजे गर्दी. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीत, भाव कोणी एक माणूस ठरवत नाही, लावलेल्या पैशांतून तो आपोआप ठरतो. जो घोडा सगळ्यांना चांगला दिसतो, तो जिंकूनही फारसे देत नाही. ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेतल्या शर्यतींचे भाव तपासले, तेव्हा गर्दीचा अंदाज निकालांशी बराच जुळलेला निघाला. फक्त जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या घोड्यांवर लोक जरा जास्तच भाळतात, एवढा दोष दिसला. तेव्हा कोणता घोडा जिंकेल हे ओळखून भागत नाही. बाकीचे सगळे कुठे चुकले आहेत ते ओळखावे लागते. हे घोड्याचे ज्ञान उरत नाही, शेजाऱ्याच्या अज्ञानाचे ज्ञान होते.

कायद्याने मात्र अभ्यासकाच्या बाजूने कौल दिला आहे. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला; घोड्याचा वंश, तयारी, जॉकीचे कसब हे सगळे पारखता येते, हा त्यामागचा विचार. न्यायालयासमोरच्या प्रश्नाला हे उत्तर बरोबर आहे. फक्त तो प्रश्न धर्माचा नव्हता. धर्मशास्त्रात मनूने वेगळाच भेद केला होता: निर्जीव फाशांनी खेळले जाते ते द्यूत, सजीव प्राण्यांवर खेळले जाते तो समाह्वय. भेद करून त्याने दोन्ही बंद करायला सांगितले. याज्ञवल्क्य आणि कौटिल्य व्यवहारी. त्यांनी देखरेख ठेवली, आणि कौटिल्याने जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच कर घेतला. आपले सरकार लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी घेत असे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के घेते. त्यामानाने कौटिल्य दयाळूच म्हणायचा! न्यायालयाने कौशल्य मानले, आणि करखात्याने त्याला लॉटरीच्याच पंक्तीत बसवले. मनूला यात काही नवल वाटले नसते.

सगळ्यात जोरदार आक्षेप वेगळाच आहे. काही माणसे खरोखरच सातत्याने जिंकतात. हाँगकाँगमध्ये बिल बेंटर या अमेरिकन माणसाने संगणकावर गणिते मांडून प्रचंड पैसा मिळवला. मग दैव अभेद्य कसे? बेंटरने आपली पद्धत १९९४ मध्ये स्वतःच लिहून प्रसिद्ध केली. तीत मोलाची गोष्ट अशी की केवळ घोड्यांवरच्या माहितीने त्याचे गणित पुरे झाले नाही. गर्दीने ठरवलेला भाव त्यात मिसळला तेव्हा ते नीट बसले. आणि त्यानेही दैव जिंकले नाही. एकेका शर्यतीत तो हरतही होता. त्याने हजारो शर्यतींवर दैव पसरून पातळ केले. हे एका रविवारच्या आठ शर्यतींत होत नाही. दुसरा आक्षेप: शेतकरीही पावसावर डाव लावतो, व्यापारीही. लावतो, पण त्याच्या ज्वारीचा दाणा शेजाऱ्याच्या नुकसानीतून उगवत नाही. टोटच्या खिडकीवर मिळालेली प्रत्येक नोट, कर आणि क्लबचा वाटा कापून, हरलेल्याच्याच खिशातली असते. फळावर हक्क सांगू नये असे गीता म्हणते ते सर्वच कर्मांबद्दल. इथे तर फळ मुळातच दुसऱ्याच्या चुकीचे आहे. म्हणून अंदाज बरोबर होता की चूक, हे निकालावरून ठरवण्याची सवयही घातक. पाचवे कारण आड आल्याने उत्तम अंदाज हरतो, त्याच कारणाने मूर्ख अंदाज जिंकतो. अभ्यासकाने शर्यतीआधी आपली कारणे लिहून ठेवावीत आणि नंतर ती तपासावीत. रुपया न लावताही हे पूर्ण करता येते. त्यात रस नाही असे ज्याला वाटते, त्याला मुळात घोड्यात रस नव्हता.

पण महाभारत तर ज्ञानानेच डाव जिंकवते ना? नळाने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, घेतले, बदल्यात अश्वहृदय, म्हणजे घोड्यांची विद्या, दिले, आणि फाशांवर त्याचे राज्य जिंकून घेतलेल्या भावाला, पुष्कराला, एकाच डावात हरवले. ही कथा बृहदश्व ऋषीने सांगितली ती वनवासातल्या युधिष्ठिराला, आणि शेवटी त्यालाही ती विद्या दिली. आक्षेप असा की इथे द्यूताचा दोष ज्ञानाने धुऊन निघालेला दिसतो. मला उलट दिसते. ज्याला फाशांचे मर्म पूर्ण कळले त्याच्यासाठी त्या फाशांत पाचवे कारण उरलेच नाही. तो डाव नव्हता, गमावलेले परत घेणे होते. पारखलेले घोडे वेगळे आणि फासे वेगळे, हेही कथाच सांगते: अश्वविद्येने नळ विदर्भाला वेळेत पोचला, तिच्यावर त्याने काही लावले नाही. आणि फाशांवर जिंकल्यावर त्याने पुष्कराला दास केले नाही, हाकलून दिले नाही. त्याचा वाटा त्याच्या हाती देऊन, नाते राखून, त्याला त्याच्या नगराला परत पाठवले.