लंडन की लिस्बन?

अप्पांना आयुष्यात एकदा परदेश बघायचा आहे. तिकिटाचे पैसे मुलगा देतोय, पण त्याची अट आहे की शहर एकच. गुडघ्यांचं दुखणं पाहता ती अट रास्त आहे. यादी कापत कापत शेवटी दोन नावं उरली, लंडन आणि लिस्बन. निवृत्त इतिहास-शिक्षकाच्या यादीत लंडन असणारच. लिस्बन बघून मात्र पुष्कळांच्या भुवया उंचावल्या.

अप्पांच्या आणि माझ्या गावच्या, गोव्याच्या वेशीवरच्या रेडीच्या माणसाने तरी त्याचं नवल करू नये. आमच्या यशवंतगड किल्ल्यावर १७४६ साली पोर्तुगीज आले आणि १८१९ साली इंग्रज. पोर्तुगीजांनी तेरेखोलचा किल्लाही त्याच १७४६ साली सावंतवाडीच्या सावंतांकडून घेतला आणि तो १९६१ पर्यंत सोडला नाही. हा किल्ला तेरेखोल नदीच्या आमच्या बाजूला आहे. गोव्याचा माणूस तिथे केरीहून फेरीबोटीने येतो, रेडीचा माणूस रस्त्याने सरळ जातो. म्हणजे कित्येक पिढ्या या गावावर हुकूम लंडनचा चालला आणि गावाच्या वेशीपलीकडे लिस्बनचा.

मी कागदावर दोन रकाने आखले. लंडनच्या रकान्यात अप्पांना येणारी इंग्रजी, फुकट बघता येणारं ब्रिटिश म्युझियम, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर, १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ. लिस्बनच्या रकान्यात ऊन, समुद्र, मासे, ट्राम. चढउतारही लिहिले, कारण ते शहर टेकड्यांवर वसलेलं आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच वेळ दाखवतं, तेव्हा तो मुद्दा गळला.

"दोनांपैकी बरा खंयचा, ता सांग," अप्पा म्हणाले.

"कागदावर तर लंडन. पण समजा, दोन्ही तुम्हाला सारखीच वाटतात. मग लंडनचं तिकीट दहा हजारांनी स्वस्त मिळालं तर?"

"धा हजार कमी म्हणान मी लंडनाक जावचंय नाय."

"आणि लिस्बनचं स्वस्त मिळालं तर?"

"तरीय नाय."

"मग ती सारखी नाहीत, अप्पा. पारडी खरोखर समतोल असती तर दहा हजारांनी एक खाली गेलं असतं."

ते गप्प झाले. मग वर्गात वापरायचे त्या मराठीत बोलू लागले. वाद गंभीर झाला की त्यांची मालवणी मागे पडते. "म्हणजे एक सरस नाही, दुसरं कमी नाही आणि दोन्ही सारखीही नाहीत. मग उरलं काय?"

रूथ चँग या तत्त्वज्ञ बाईंनी याच कोड्यावर पुष्कळ लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अशा वेळी जगाकडून मिळणारी कारणं निवाडा करत नाहीत. आपणच एका बाजूला उभं राहायचं, आणि त्या उभं राहण्यातून आपण कोण ते ठरतं. मी हे अप्पांना सांगितलं.

"माका तां पटणा नाय," ते म्हणाले. "मी लिस्बन निवडलं की लिस्बनचा होईन, असं थोडंच आहे? कारण मी तयार करत नाही. ते आधीपासून इथे पडलेलं आहे. लंडन मला न जाता ठाऊक आहे. 'अपूर्वाई' वाचली, 'माझं लंडन' वाचलं. इंग्रजांची भाषा शिकलो, त्यांच्याच भाषेत त्यांच्याशी भांडलो. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तो लंडनच्या कायद्याविरुद्ध. पण तेरेखोलला जो माणूस तोफेशी उभा होता, तो कोण होता, घरी काय खात होता, त्याला इथे कुणी पाठवलं, यातलं मला काहीच माहीत नाही. लहानपणी त्या तटाकडे बोट दाखवून मोठी माणसं सांगत, तिकडे जायचं नाही."

"पण अप्पा, तिकडे जायचं म्हणजे कुठे? लिस्बनमधल्या बेलेमच्या मठात वास्को द गामाची कबर आहे, तिथे जाऊन फोटो काढणार? १५६० पासून अडीचशे वर्षं गोव्यात इन्क्विझिशन चाललं, ते त्यांचंच. मोहन रानडे कुठे कैदेत होते?"

हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. रानडे सांगलीचे. गोवामुक्तीसाठी आझाद गोमंतक दलात लढताना १९५५ साली जखमी होऊन पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळ काशियसच्या तुरुंगात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, रानडे मात्र आतच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके झटले. सुटका झाली १९६९ च्या जानेवारीत.

अप्पांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "त्याच काशियसमध्ये आणखी कोण होतं, ते तू वाचलंस का? पोर्तुगीजच होते. हुकूमशहा सालाझारच्या विरोधात बोलले म्हणून कोंडलेले. २५ एप्रिल १९७४ ला त्यांच्याच सैनिकांनी ती हुकूमशाही उलथली, आणि दोन दिवसांत काशियसचे राजबंदी बाहेर आले. वर्ष संपायच्या आत नव्या सरकारने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं. गामाच्या कबरीशी माझं काही काम नाही. ज्यांनी स्वतःचा जुलमी राजा खाली ओढला आणि त्याबरोबर आमच्यावरचा हक्कही सोडला, ती माणसं मला रस्त्यातून चालताना बघायची आहेत. लंडनने आपल्याला सोडलं, पण त्यासाठी त्यांना घरचं सरकार पाडावं लागलं नाही."

इथे मला त्यांचं म्हणणं अपुरं वाटलं, आणि मी तसं सांगितलं. कारण आधीपासून पडलेलं असेल. पण लंडनचंही पडलेलं आहेच. दोन्हींतून एक उचलणारे अप्पाच. तेवढ्यापुरत्या चँगबाई बरोबर आहेत. अप्पांनी हे मान्य केलं, "असात," एवढंच म्हणून.

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. "लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो दप्तरखान्यात 'मान्सूनची पुस्तकं' आहेत, मोसमी वाऱ्यावर निघणाऱ्या जहाजांतून गोवा आणि लिस्बनमध्ये जो पत्रव्यवहार चालला त्याची. ६२ खंड अठराव्या शतकात गोव्याहून तिकडे गेले, बाकीचे पणजीत आहेत. त्यात या किनाऱ्याच्या हकिकती आहेत. पण तुम्हाला पोर्तुगीजचं अक्षर वाचता येत नाही. जाऊन काय करणार?"

"बघान येतलंय," अप्पा म्हणाले. "वाचूचा काम तुमचा."

तिकीट लिस्बनचं काढलं. अप्पांचं ते शेवटचं वाक्य मात्र मला लागलं, कारण ते खरं आहे. इतिहास-संशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते कागद वाचून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' मराठीत लिहिलं त्याला आता साठ वर्षं होत आली. त्यानंतर मूळ पोर्तुगीज वाचणारे मराठी अभ्यासक फार थोडे झाले. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात आणि ते आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. तुमच्यापैकी दोघांनी तरी ती भाषा शिकून घ्या.