मागून येणाऱ्याचं पाणी



तुर्कस्तानच्या दक्षिणेला टॉरस पर्वताच्या रांगा थेट भूमध्य समुद्रात उतरतात. उतारावर पाइनची दाट झाडी, खाली निळंशार पाणी. पाहणाऱ्याला वाटावं, या मुलखाला कशाची ददात नाही. पण हा डोंगर चुनखडीचा. हिवाळ्यात इथे पाऊस धो धो कोसळतो आणि दगडातल्या भेगांमधून, कपारींमधून डोंगराच्या पोटात निघून जातो. पुढे तो किनाऱ्यालगत झरा होऊन बाहेर पडतो खरा, पण माथ्यावरून चालणाऱ्याला त्याचा काय उपयोग? मे महिना सरला की वर ओंजळभर पाण्याची मारामार. म्हणून या डोंगरमाथ्यावर पाणी दिसलं, की समजावं, ते कुणीतरी साठवून ठेवलेलं आहे.

आज मला या 'कुणीतरी'बद्दल बोलायचं आहे.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं अंताल्या शहरात राहिले. परक्या देशात एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच कळते: इथलं सगळं आपल्याआधी ठरून गेलेलं आहे. शेजाऱ्यांचं जाणं-येणं ठरलेलं, जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसणार ते ठरलेलं, कुठल्या गोष्टीवर हसायचं तेही ठरलेलं. आपण कायम मागून आलेले. कामात कितीही बुडवून घेतलं तरी हे मनातून जात नाही. माझ्या मनातून ते गेलं ते डोंगरात, आणि ज्यांनी मला डोंगरात नेलं त्या मित्रमैत्रिणींमुळे.

आमच्या गटात एका रुग्णालयातली परिचारिका होती, एक सुतारकाम करणारा तरुण होता, शिकायला आलेली एक जर्मन मुलगी होती. आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे 'होजा' म्हणत. शनिवारी पहाटे छोट्या बसमध्ये पाठपिशव्या कोंबायच्या आणि निघायचं. एप्रिलमध्ये ताहताली डोंगराच्या माथ्यावर, सुमारे २,३६५ मीटरवर, बर्फात पाय रुतवायचे आणि दुसऱ्या दिवशी खाली चिरालीच्या समुद्रात पोहायचं, असं सुख मी दुसरीकडे अनुभवलेलं नाही. चिरालीच्या वर यानार्ताश नावाची जागा आहे. तिथे उघड्या खडकातून वायू बाहेर पडतो, त्यात मुख्यतः मिथेन असतो, आणि त्याच्या ज्वाळा दिवसरात्र जळत असतात. रोमन लेखक प्लिनीनं जवळपास २,००० वर्षांपूर्वी त्यांची नोंद केली आहे. रात्री विजेऱ्या विझवून त्या ज्वाळांभोवती बसलं की कोण कुठल्या देशाचं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

आम्ही बहुतेक वेळा चालायचो ती लिकियाची वाट. लिकिया हे या किनाऱ्याचं प्राचीन नाव. फेथियेजवळून निघालेली ही वाट ५०० किलोमीटरहून जास्त अंतर कापत अंताल्याच्या बाजूला येते. झाडांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, त्यांच्या मागावर चालायचं. ते पट्टे कुणी रंगवले, ते पुढे सांगते. आधी टाक्यांबद्दल.

या वाटेवर ठिकठिकाणी दगडी टाकी लागतात. लांबून पाहिलं तर एखादं छोटं देऊळ गळ्यापर्यंत जमिनीत बुडालंय आणि नुसता घुमट वर राहिलाय, असं वाटतं. आजूबाजूच्या उतारावरचं पावसाचं पाणी पन्हळीनं आत घेतलेलं असतं. एका अंगाला कमरेएवढं दार. वाकून आत तोंड घातलं की गार हवा लागते, आणि डोळे सरावले की खाली काळंशार पाणी दिसतं. माझी नजर मात्र दरवेळी उंबऱ्याच्या दगडावर जायची. दोर ओढून ओढून त्यात खाचा पडलेल्या. बोट मावेल एवढ्या खोल आणि कडांनी गुळगुळीत. किती हातांनी, किती पिढ्या तिथून पाणी शेंदलं असेल! बादली म्हणाल तर पांढऱ्या चीजचा रिकामा पत्र्याचा डबा, कडेला भोकं पाडून तार ओवलेली. तो डबा आणि तो दोर कुणाच्या मालकीचा नाही. तिथेच असतो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही सगळे उन्हानं कावलेले होतो. होजांनी डबा खाली सोडला, भरून वर ओढला, आणि आम्ही बाटल्या पुढे केल्या. त्यांनी ते पाणी शेजारच्या दगडी डोणीत ओतलं. दुसराही डबा तिथेच. डोण काठोकाठ भरली, तेव्हा आमच्या बाटल्यांची पाळी आली. मी इकडेतिकडे पाहिलं, एकही शेळी नजरेस पडेना.

"शेळ्या कुठायत?" मी विचारलं.

"संध्याकाळी येतील," होजा म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. मग सुतार मित्रानं पाणी फडक्यातून गाळलं, त्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या, आणि निघताना दोराची नीट वेटोळी करून तो दाराच्या आत, ऊन लागणार नाही असा टांगला. पुढच्या टाक्यावर कुणी न सांगता मी डबा हातात घेतला आणि आधी डोण भरली. जर्मन मुलगी माझ्याकडे बघून हसली. वर्षभरापूर्वी तीही अशीच शिकली होती.

आपल्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळं वाटणार नाही. रायगड असो की राजगड, गडावर पाण्याची सोय ही पहिली गोष्ट. मला त्या परक्या डोंगरात घरच्यासारखं वाटलं, त्याला हेही कारण असावं.

पाणी आणि वाट, या दोन गोष्टींसाठी लिकियाच्या लोकांनी केलेली खटपट पाहून थक्क व्हायला होतं. कालकान गावाच्या वरच्या बाजूला देलिककेमेर नावाचं प्राचीन बांधकाम आहे. पातारा शहराकडे जाणारं पाणी इथे दोन डोंगरांमधल्या खिंडीपलीकडे न्यायचं होतं. त्यांनी खिंडीत भिंत घातली आणि तिच्यावर भले मोठे दगड एकापुढे एक बसवले. प्रत्येक दगडाला आरपार गोल भोक, एका बाजूला उचललेली कड, दुसऱ्या बाजूला ती कड बसेल अशी खाच. म्हणजे दगडाची नळवाहिनीच. एका उतारावरून पाणी खाली यायचं आणि स्वतःच्या दाबानं समोरच्या चढावर चढायचं. तिथला शिलालेख सांगतो की भूकंपात हे काम मोडलं आणि रोमन सम्राट वेस्पासियनच्या काळात पुन्हा उभं राहिलं. त्याच पातारामध्ये १९९३ साली एका दगडी स्मारकाचे तुकडे उजेडात आले. ते इसवी सन ४६च्या सुमाराचं. त्यावर लिकियातल्या कुठल्या गावाहून कुठलं गाव किती लांब, हे ग्रीक भाषेत ओळीनं कोरलंय. त्या दगडासमोर उभं राहून आमची परिचारिका म्हणाली, "हे आपल्यासाठीच लिहून ठेवलंय." मला ते अगदी खरं वाटतं.

पण केवळ जुन्या दगडांवर माणूस जगत नाही. या डोंगरांत यॉरुक नावाचे मेंढपाळ आजही उन्हाळ्यात शेळ्या घेऊन वरच्या कुरणांवर जातात. काहींकडे अजून शेळीच्या केसांचे काळे तंबू आहेत. पावसात भिजले की केस फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी आत येत नाही. त्यांचे कुत्रे मात्र भल्याभल्यांचा थरकाप उडवतात. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. एकदा तीन कुत्रे भुंकत अंगावर आले. होजांनी हात आडवा केला. पळायचं नाही, काठी उगारायची नाही, सगळ्यांनी जवळजवळ उभं राहायचं आणि मालकाला हाक मारायची. त्या दोन-तीन मिनिटांत माझा हात परिचारिकेच्या मुठीत होता आणि तिची पकड जराही ढिली झाली नाही. मैत्री कधी झाली, असं कुणी विचारलं तर मी ती वेळ सांगेन.

कुत्र्यांची मालकीण म्हणजे डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या एक आजी. त्यांनी एका आवाजात कुत्र्यांना बसवलं, आम्हालाही बसवलं आणि शेळीच्या दह्याचं ताक पाजलं. पैसे म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात परिचारिकेला त्यांच्या बोटाची चिघळलेली जखम दिसली. तिनं जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली आणि उरलेल्या पट्ट्या आजींच्या हातात ठेवल्या. त्या आजींनी मुकाट्यानं घेतल्या. घेणं-देणं असं सरळ असावं.

खाली रस्त्यालगत, गावांच्या वेशीवर, जागोजागी पाण्याचे नळ दिसतात. दगडी किंवा सिमेंटची छोटी भिंत, मधोमध तोटी, वर संगमरवरावर कोरलेलं नाव. गेलेल्या माणसाच्या नावानं घरच्यांनी ते बांधलेले असतात, आणि त्याच्यासाठी फातिहा म्हणावी, अशी विनंतीही खाली लिहिलेली असते. माझे मित्र पाणी पिऊन झालं की ते नाव वाचत आणि क्षणभर ओठ हलवत. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी! आपल्याकडे चैत्राच्या उन्हात वडिलांच्या नावानं पाणपोई घालणारा माणूसही हेच करत असतो. मी त्या नळांवर माझ्या पद्धतीनं हात जोडत असे, आणि ते कुणाला खटकलं नाही.

आता त्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांविषयी. ही वाट आखली केट क्लो या इंग्रज बाईंनी. त्या तुर्कस्तानात येऊन राहिल्या, डोंगर तुडवले, जुने रोमन रस्ते, मेंढपाळांच्या वाटा, खेचरांच्या पायवाटा शोधून एकमेकींना जोडल्या, आणि १९९९ साली देशातली पहिली लांब पल्ल्याची खुणांची पायवाट तयार झाली. बाहेरून, मागून आलेल्या एका बाईनं यजमानांसाठी वाट मोकळी करून दिली! आज अंताल्यातली मुलं तिच्यावरून चालतात आणि आपल्या आज्यापणज्यांची गावं पाहतात. मला हे कळलं तेव्हा मनातलं एक ओझं उतरलं. मागून आलेल्यानं नुसतं घेतच राहावं, असं कुठे लिहिलं आहे? जिथे पट्टा पुसट झालाय तिथे दगडावर दगड रचून खूण करणं मलाही जमणार होतं, आणि मी ते करू लागले.

मी पुण्याला परत आले. जुलै २०२१ मध्ये अंताल्याच्या पूर्वेला मानवगातच्या जंगलात भयंकर वणवा पेटला. गावोगावचे शेतकरी ट्रॅक्टरला पाण्याच्या टाक्या जोडून धावले. आमचा सुतार मित्रही मामाचा ट्रॅक्टर घेऊन गेला होता. रात्री त्याचा आवाजी निरोप आला, घसा धुरानं बसलेला. तेव्हापासून उन्हाळ्यात जंगलात जाण्यावरचे निर्बंध आणखी कडक झाले आहेत, आणि आमचे मित्र ते काटेकोर पाळतात. चहाची किटली आता हिवाळ्यातच पाठपिशवीत जाते.

येत्या एप्रिलमध्ये मी पुन्हा तिकडे जाणार आहे. होजांचे गुडघे आता दुखतात, पण शेवटच्या गावापर्यंत ते येणार आहेत. त्यांनी कळवलंय की वरच्या टाक्याचा दोर जीर्ण झालाय, नायलॉनचा लावला तर उन्हानं दोन वर्षांत तुटतो आणि हाताला कापतो. तुमच्या किनाऱ्यावर नारळ होतो, काथ्याचा दोर तिकडे मिळतो का, असं त्यांनी विचारलं. मी वेंगुर्ल्याला फोन केला. अंगठ्याएवढा जाड, तीस हात लांब सांगितलाय. पुढच्या आठवड्यात येईल.