वीस रुपयांचा हिशोब



नोव्हेंबर २०२४ मधील गोष्ट. ७७व्या वार्षिक निरंकारी संत समागमासाठी दास समालख्याला निघाला होता. दिल्लीत जीटीबी नगर मेट्रो स्थानकाबाहेर बसची वाट पाहताना एका आजींनी हाक मारली, "कित्थों आए हो, पुत्तर?" अंगावर शाल, समोर स्टीलचा डबा आणि छोटा तराजू. डब्यात घरी केलेल्या पिन्नी होत्या. आपल्याकडे जसे डिंकाचे लाडू, तशी ही तिकडची थंडीतली पिन्नी: कणीक तुपात खरपूस भाजायची, त्यात डिंक, गूळ, सुका मेवा घालायचा आणि गरम असतानाच वळायची.

महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर त्यांनी भाव सांगण्याआधीच एक पिन्नी हातावर ठेवली. "इतनी दूर से आया है, पहले मुँह मीठा कर." पहाटे उठून सगळे स्वतःच करते, आता पाय साथ देत नाहीत म्हणून बसून विकते, असे त्या हसत हसत सांगत होत्या.

पाव किलोचे १४० रुपये. दास वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तूप किती, डिंक किती, मार्जिन किती, याचा हिशोब मनात लगेच झाला. आजींच्या पहाटेच्या श्रमांचा रकाना मात्र त्या हिशोबात नव्हता. म्हटले, "१२० में दे दो." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चल, जैसी तेरी खुशी."

बसमध्ये पुडी उघडली तर वर वेगळ्या कागदात दोन पिन्नी जास्तीच्या बांधलेल्या! मी वीस रुपये कमी केले आणि त्यांनी वरून प्रवासाची शिदोरी दिली.

समागमाच्या मैदानात पोहोचल्यावर नेहमीप्रमाणे जो भेटेल त्याच्या पाया पडू लागलो. तुम्हालाही हा अनुभव आहे. इथे कोणी कोणाचे गाव, जात, हुद्दा विचारत नाही. समोरच्यात निरंकार आहे, एवढेच पुरते. पण सेवेत असलेल्या एका वयस्कर माताजींच्या पायांकडे वाकलो आणि हात थबकला. दोन तासांपूर्वी याच वयाच्या एका माउलीशी मी वीस रुपयांसाठी घासाघीस केली होती. मैदानाच्या आत निरंकार दिसतो आणि मेट्रोच्या दारात तो दिसेनासा होतो का?

महापुरुषहो, आपला पहिला प्रण सांगतो की तन, मन, धन हे सर्व या निरंकाराचे आहे, आपण केवळ विश्वस्त आहोत. कोणी म्हणेल, विश्वस्ताने मालकाचा पैसा जपायला नको का? जपायलाच हवा. पण माझ्या खिशातले धन त्याचे, तसे आजींच्या डब्यातलेही त्याचेच. मग मी ते वाचवले कोणापासून? चौथा प्रण सांगतो की गृहस्थ राहून, कष्टाची कमाई खाऊन जगावे, कोणावर भार होऊ नये. प्रण ऐकलेला मी होतो. जगत होत्या त्या आजी.

इथे संत नामदेव महाराजांची आठवण येते. पंढरपूरचे हे संत उत्तरेत आले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ते तूप द्यायला धावले. मी तुपाचा भाव पाडत बसलो.

समागमाहून परतताना मुद्दाम त्याच जागी गेलो. आजी नव्हत्या. शेजारचा शेंगदाणेवाला म्हणाला, "तबियत ठीक हो तभी आती हैं." संध्याकाळची गाडी होती, थांबता आले नाही. ते वीस रुपये अजून माझ्याकडेच आहेत.

हे कर्ज आता त्यांना फेडता येईल की नाही, निरंकार जाणे. पण कोपऱ्यावर कोथिंबीर विकणाऱ्या मावशी, दारावर येणारे पापडवाले काका, लोकलमध्ये चिक्की विकणारा मुलगा, यांच्याकडे ते फेडता येते. मॉलमध्ये छापील किंमत आपण निमूट देतो. मग जिथे समोरच्याची पहाट विकायला ठेवलेली असते, तिथेच आपली जीभ का सुटते? दास अजूनही चुकतो. परवाच भाजी घेताना सवयीने "दहाला द्या ना" निघून गेले आणि मग आजींचा चेहरा आठवला.

आज बाजारात जाल तेव्हा एवढेच करा. भाव विचारण्याआधी दोन शब्द प्रेमाने बोला आणि समोर कोण बसले आहे ते पाहा.

निरंकार प्रभू कृपा करो, सत्संगातली दृष्टी रस्त्यावरही टिकून राहो.

धन निरंकार जी!